नाताळच्या यादीत तुमची मेणबत्ती

दिवाळी संपली की घरगुती उद्योग करणाऱ्या अनेक बायकांचे हात रिकामे होतात. पणत्या, कंदील, उटणं, फराळ यांचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. पुढे संक्रांतीपर्यंत ग्राहक फिरकत नाही. नेमक्या याच दिवसांत देशातल्या लाखो ख्रिस्ती घरांत मात्र खरेदीची लगबग सुरू होते. वसई, वांद्रे, गोवा, मंगळूर, केरळ, रांची आणि ईशान्येकडची राज्यं, सगळीकडे डिसेंबर हा देण्याघेण्याचा महिना.

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी याच संदर्भात पत्र पाठवलं आहे. त्या आठ जणींच्या बचत गटातर्फे मेणबत्त्या बनवतात. मागच्या डिसेंबरात त्यांनी लाल रंगाच्या, चांदण्यांची नक्षी असलेल्या दोनशे मेणबत्त्या केल्या. साठ विकल्या गेल्या, बाकीच्या अजून पेटीत आहेत आणि गटाचे पैसे त्यात अडकले आहेत. शेजारच्या कॅथलिक कुटुंबाकडे त्यांनी एक इंग्रजी अंक पाहिला. त्यात नाताळच्या भेटवस्तूंची सचित्र यादी होती. 'अशा यादीत आमच्या मेणबत्त्या कशा येतील? आम्ही ख्रिस्ती नाही, चालेल का?' असं त्या विचारतात.

प्रश्न एकीचा असला तरी उत्तर अनेकींच्या उपयोगाचं आहे. म्हणून यावेळचा सगळा मजकूर त्यालाच दिला आहे.

ही यादी असते तरी काय?

इंग्रजीत तिला गिफ्ट गाइड म्हणतात. संपादक पंधरावीस वस्तू निवडतात आणि प्रत्येकीचं छायाचित्र, दोन ओळींची माहिती, किंमत आणि मिळण्याचं ठिकाण देतात. कॅथलिक वाचकांसाठीच्या यादीत आणखी एक गाळणी लागते. वस्तू त्यांच्या श्रद्धेशी आणि त्यांच्या घरातल्या प्रसंगाशी जुळावी लागते. अमेरिकेत ही प्रथा चांगलीच रुळली आहे. धर्ममातेसाठी काय द्यावं, धर्मगुरूंना काय द्यावं, पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलाला काय द्यावं, अशा वेगवेगळ्या याद्या तिथे निघतात.

आपल्याकडे तिचं एवढं प्रस्थ नाही. पण नाताळ विशेषांक, चर्चचं साप्ताहिक पत्रक, चर्चच्या आवारातली नाताळपूर्व विक्री आणि मोबाईलवर भेटवस्तू सुचवणाऱ्या गृहिणी हे सगळे मिळून तेच काम करतात. मुंबईचं 'द एक्झामिनर' हे इंग्रजी कॅथलिक साप्ताहिक १८५० सालापासूनचं आहे. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाने मराठी कॅथलिक वाचक घडवला. असे अंक आधी चाळून पाहा. कोणत्या महिन्यात कशाबद्दल लिहिलं जातं, जाहिराती कुणाच्या असतात, वाचक कोण आहे, हे दोन वर्षांचे जुने अंक पाहिले तरी समजतं.

आणि हो, बनवणारी ख्रिस्ती असलीच पाहिजे असं काही नाही. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत, ८ सप्टेंबरच्या सणानंतरच्या आठवड्यात, मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकणाऱ्या दुकानांपाशी सगळ्या धर्मांची माणसं दिसतात. नवस बोलणारेही सगळ्या धर्मांचे असतात. मात्र कुणाच्या देवघरात जाणारी वस्तू बनवायची तर ती समजून बनवावी लागते. आपल्याकडे गणपतीची सोंड कुठल्या बाजूला आहे याला जसा अर्थ असतो, तसंच हे.

वस्तू कोणत्या दिवसाची?

नाशिकच्या मेणबत्त्या का उरल्या, याचं उत्तर इथे आहे. लाल मेणबत्ती सुंदर असेल, पण ती कोणत्याही दुकानात मिळते. यादी करणाऱ्याला 'ही कशासाठी?' या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर हवं असतं.

कॅथलिक वर्ष नाताळने सुरू होत नाही. ते नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला आहे. या काळात अनेक घरांत आणि चर्चमध्ये हिरव्या पानांचा गोल मुकुट ठेवतात आणि त्यात चार मेणबत्त्या लावतात. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा त्या पेटत जातात. गुलाबी असते तिसऱ्या रविवारची, आनंदाची. काही ठिकाणी मधोमध पाचवी पांढरी मेणबत्ती ठेवतात, ती नाताळला पेटते.

आता पाहा, साध्या मेणबत्तीला केवढं काम मिळालं! तीन जांभळ्या, एक गुलाबी, एक पांढरी, असा संच केला तर तो 'आगमनकाळासाठी' या एका शब्दात यादीत बसतो. त्यात पहिली मेणबत्ती चारही आठवडे पेटते, म्हणून ती इतरांपेक्षा जास्त टिकायला हवी. ही गोष्ट पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहिली तर घेणाऱ्याला कळतं की बनवणारीला या वस्तूचं मर्म ठाऊक आहे. कोरड्या पानांजवळ ज्योत ठेवू नये, ही सूचनाही त्याच चिठ्ठीत हवी.

पण या संचाची जागा डिसेंबरच्या यादीत नाही. २९ नोव्हेंबरला तो घरात पोहोचलेला हवा. म्हणजे त्याची यादी नोव्हेंबरच्या सुरुवातीची. डिसेंबरच्या यादीसाठी गोठ्यातल्या मूर्ती, पांढरी नाताळ मेणबत्ती, टेबलावरचं भरतकाम, मिठाई हे जिन्नस योग्य.

नाताळाखेरीजही वर्षभर प्रसंग असतात आणि तिथे गर्दी कमी असते. बाळाच्या स्नानसंस्काराला पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती लागते. चर्चमधल्या मोठ्या पास्का मेणबत्तीवरून ती पेटवून घेतात आणि अनेक घरांत जपून ठेवतात. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मुलींचा पांढरा पोशाख, डोक्यावरचा ओढणीसारखा पदर, छोटी रोझरी, प्रार्थनेचं पुस्तक ठेवायची पिशवी यांना मागणी असते. त्याची तारीख प्रत्येक चर्चची वेगळी असते, ती तिथल्या कार्यालयातच विचारावी. पुढे मोठ्या मुलांचं दृढीकरण, मग लग्न, लग्नाचा रौप्यमहोत्सव, नव्या घराचा आशीर्वाद, धर्मगुरूंची दीक्षा. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण, तेव्हा जुन्या गोव्यात मोठी गर्दी लोटते.

उलट, ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ हा संयमाचा. त्या दिवसांत चकचकीत भेटी सुचवणारं पत्र पाठवलंत तर संपादक ते बाजूला ठेवतील, आणि तुमच्याविषयीचं त्यांचं मतही बनेल. तेव्हा सुचवायचं ते ईस्टरसाठी.

या चुका टाळा

एका चुकीने वस्तू यादीतून बाद होते. म्हणून पुढच्या गोष्टी नीट पाहा.

रोझरी करत असाल तर मणी मोजा. नेहमीच्या पाच दशकांच्या रोझरीत ५९ मणी असतात. ५३ 'नमो मरिया'चे आणि ६ 'आमच्या पित्या'चे. एक कमी पडला तरी प्रार्थना करणाऱ्याच्या बोटाला तो लगेच कळतो. सोबत माहितीपुस्तिका देणार असाल तर तिच्यात वीस रहस्यं हवीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली पाच प्रकाशाची रहस्यं जोडली. पंधरांची पुस्तिका जुनी दिसते.

क्रूस बहुतेक कॅथलिक घरांत ख्रिस्ताच्या मूर्तीसह असतो. साधा, मूर्तीविना क्रूस प्रॉटेस्टंट घरांत अधिक आढळतो. पण केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांत मूर्ती नसलेला, खाली कमळ असलेला संत थॉमस यांचा क्रूस मानाचा. तेव्हा ग्राहक कुठला हे आधी ठरवा.

बायबलमधलं वचन छापणार असाल तर लक्षात ठेवा, कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. शिवाय आधुनिक भाषांतरांवर प्रकाशकाचा हक्क असतो. कपावर किंवा फ्रेमवर छापून विकण्याआधी परवानगी मागावी लागते. हीच गोष्ट छायाचित्रांची. कार्लो अकुतिस या इटालियन मुलाला ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालं. २००६ साली पंधराव्या वर्षी तो गेला. संगणकात रमणारा हा संत तरुण मुलांना जवळचा वाटतो, म्हणून दृढीकरणाच्या भेटींत त्याला मागणी आहे. पण त्याची चित्रं म्हणजे अलीकडची छायाचित्रं. ती कुठूनतरी उचलून छापू नका. स्वतः चित्र काढा किंवा चित्रकाराकडून काढून घ्या.

फेकून द्यायच्या वस्तूवर संतांचं चित्र नको. कागदी थाळ्या, हात पुसायचे कागद, पायपुसणी यांवर मारियामातेचं चित्र पाहून कुणाला बरं वाटेल? आपल्या घरी देवाचं चित्र असलेल्या लग्नपत्रिकेचं काय करावं या विचाराने आपण अडखळतोच ना!

'आशीर्वादित' असं लिहून वस्तू विकू नका. पवित्र केलेल्या वस्तूचा व्यापार कॅथलिक परंपरेला मान्य नाही. माणूस वस्तू विकत घेतो आणि मग ती धर्मगुरूंकडे नेऊन तिच्यावर आशीर्वाद मागतो. हा क्रम तसाच राहू द्या.

माल मोठ्या प्रमाणात करताना त्यावर साल छापू नका. २०२५ हे कॅथलिक चर्चचं महोत्सवी वर्ष होतं. ते ६ जानेवारी २०२६ रोजी संपलं आणि त्या वर्षाचं चिन्ह असलेल्या वस्तू एका रात्रीत जुन्या झाल्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खोटी कहाणी जोडू नका. बेथलेहेममधली ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या ऑलिव्हच्या लाकडावर कोरीवकाम करतात. यात्रेकरू हेच त्यांचं गिऱ्हाईक. आधी २०२० ची महासाथ आणि नंतर ऑक्टोबर २०२३ पासूनचं युद्ध यांमुळे यात्रेकरू आटले आणि त्या कारागिरांचं उत्पन्न बुडालं. त्यांच्या मदतीसाठी अनेक याद्यांत त्या वस्तू आवर्जून घेतल्या जातात. अशा वेळी इथल्याच लाकडाला 'पवित्र भूमीतलं' म्हणणं ही ग्राहकाची फसवणूक तर आहेच, वर त्या कारागिरांच्या पोटावर पाय देणंही आहे. नाशिकच्या आठ जणींनी हाताने केलं, ही खरी कहाणी पुरेशी चांगली आहे.

उलट्या बाजूने महिने मोजा

दिवाळी अंकाची जुळवाजुळव श्रावणाच्याही आधी सुरू होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. नाताळच्या यादीचंही तसंच असतं. अमेरिकेतली छापील मासिकं नाताळच्या पानांची तयारी जुलैतच करतात. साप्ताहिकांना एवढी घाई नसते, तरी विशेषांकाची पानं काही आठवडे आधी बांधली जातात. अंक हातात पडला आणि मग पत्र लिहिलं, तर ते पुढच्या वर्षीच्या कामाचं.

म्हणून तारखा शेवटाकडून मोजा. समजा यादी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात यायला हवी आहे. तर सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत तुमचं पत्र आणि छायाचित्रं संपादकांकडे पोहोचलेली हवीत. त्यासाठी ऑगस्टमध्ये वस्तू पूर्ण तयार हवी, खोक्यासकट. आणि त्यासाठी जून-जुलैत नमुने करून, जाळून, तपासून पाहायला हवेत. भर पावसाळ्यात नाताळचा विचार करणं विचित्र वाटेल, पण हंगामाचा धंदा असाच चालतो. चर्चच्या पत्रकाला मात्र दोन-तीन आठवडे पुरतात. तिथूनच सुरुवात करणं सोयीचं.

पत्र कसं लिहावं

संपादकांच्या टेबलावर काय येतं ते आम्हाला रोज दिसतं. चार पानी पत्रं येतात, ज्यांत उद्योगाचा इतिहास असतो आणि किंमत नसते. वस्तूचं छायाचित्र येतं, ज्यात मागे गॅसची शेगडी असते. 'आमची सर्व उत्पादनं पाहा' असं म्हणत तीस वस्तूंची जंत्री येते. निवड करण्याचं काम संपादकांवर टाकलं की ते काम होत नाही. एकच वस्तू सुचवा. पत्र एवढंच असावं:

'महोदया, आपल्या नोव्हेंबरच्या अंकात भेटवस्तूंची यादी असते. तिच्यासाठी एक वस्तू सुचवते. आगमनकाळाच्या मुकुटासाठी पाच मेणबत्त्यांचा संच: तीन जांभळ्या, एक गुलाबी, एक पांढरी. नाशिकच्या आठ जणींच्या बचत गटाने हाताने बनवलेला. उंची सहा इंच. पहिली मेणबत्ती मुद्दाम जाड ठेवली आहे, कारण ती चारही आठवडे पेटते. किंमत ४०० रुपये, पाठवणी खर्च वेगळा. १५ नोव्हेंबरपर्यंत आलेली मागणी महाराष्ट्र आणि गोव्यात २५ तारखेपर्यंत पोहोचवू. यंदा जास्तीत जास्त साठ संच करू शकतो. दोन छायाचित्रं सोबत आहेत. नमुना हवा असल्यास पाठवीन, परत करण्याची गरज नाही. आपली नम्र,' आणि खाली नाव, पत्ता, दूरध्वनी.

या पत्रात स्तुतीचं एकही विशेषण नाही, पण संपादकांना लागणारं सगळं आहे. वस्तू काय, कुणासाठी, कितीला, कुठून, कधीपर्यंत आणि किती. छायाचित्रं दोन हवीत. एक पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं, दिवसाच्या उजेडात काढलेलं, आणि दुसरं मुकुटात मांडलेलं. मोबाईलवर काढलेलं चालतं, फक्त ते मूळ आकारात ई-मेलने पाठवा. निरोपाच्या ॲपवरून पाठवलेलं छायाचित्र बारीक होतं आणि छपाईत फुटतं.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको. नकार आला तर आभार माना आणि पुढच्या वर्षीची अंतिम तारीख विचारून ठेवा. पुष्कळ वेळा दुसऱ्या वर्षी तेच नाव ओळखीचं वाटतं.

हिशेब आधी, हौस मागाहून

समजा एका संचाला मेण, वात, रंग आणि खोका मिळून १४० रुपये लागतात. मजुरीचे ६० धरा. आपल्या बायका मजुरी धरतच नाहीत! खर्च झाला २००. विक्री ४०० ला. दुकानातून विकलात आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर त्याचे १२० जाऊन हातात २८० येतात, नफा ८० चा. थेट ग्राहकाला विकलात आणि वाचकांसाठी १० टक्के सवलत दिलीत, तर ३६० मिळतात, नफा १६० चा. आता संपादकांना दोन नमुने पाठवले तर ४०० रुपयांचा माल आणि समजा १५० रुपये पाठवणी, एकूण ५५०. म्हणजे थेट विक्रीतले चार संच गेले की नमुन्यांचा खर्च निघाला. आणि साठ संच तयार ठेवायचे तर १२,००० रुपये अडकतात. गटाकडे एवढे मोकळे आहेत का? नसतील तर वीस संच तयार ठेवा, कच्चा माल चाळिसांचा आणून ठेवा आणि मागणी येईल तसे करा. रंग न घातलेलं मेण वर्षभर कशालाही उपयोगी पडतं, पेटीतल्या लाल मेणबत्त्यांसारखं अडकत नाही.

किमतीबाबत एक जुना दाखला सांगण्याजोगा आहे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठ-नियमावलीत ५७ वं प्रकरण कारागिरांवर आहे. मठात बनलेल्या वस्तू विकताना त्यात लबाडी किंवा लोभ शिरू नये आणि भाव बाहेरच्या बाजारापेक्षा थोडा कमीच ठेवावा, असा त्याचा आशय. पुढे अनेक मठांनी स्वतःच्या कष्टावर पोट भरलं. अमेरिकेत केंटकीतल्या गेथसेमनी मठाने आपला फळांचा केक टपालाने घरोघरी पाठवत अनेक वर्षं खर्च भागवला. असा केक याद्यांत घ्यायला सोपा का? टिकतो, टपालात मोडत नाही, किंमत ठरलेली असते आणि बनवणारे कोण हे एका वाक्यात सांगता येतं. तुमची वस्तू या चार कसोट्यांवर घासून पाहा.

खाण्याच्या जिनसा देणार असाल, म्हणजे कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, केक, तर एफएसएसएआयची नोंदणी हवी आणि तिचा क्रमांक पाकिटावर हवा. निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, टिकण्याची मुदत, घटक आणि पत्ता छापा. केकमध्ये अंडं किंवा रम असेल तर तसं लिहा. परराज्यात माल पाठवण्याआधी जीएसटीबद्दल जाणकाराला विचारा. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना काही सवलती आहेत.

पैसे मागितले तर?

यादीत दोन प्रकारे नाव येतं. एक, संपादकांनी निवडलं म्हणून. दुसरं, तुम्ही पैसे भरले म्हणून. दुसऱ्यात गैर काही नाही, ती जाहिरात आहे. पण ती जाहिरात आहे हे वाचकाला कळलं पाहिजे. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली काढलेल्या नियमांनुसार मोबाईलवर वस्तू सुचवणाऱ्यांनी पैसे, किंवा फुकट मिळालेली वस्तूसुद्धा, घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगायचं असतं. म्हणून पत्रव्यवहारात सरळ विचारा, 'हे संपादकीय आहे की सशुल्क?' सशुल्क असेल तर मागच्या वर्षी त्या यादीत असलेल्या दोघीतिघींशी बोला. किती चौकशा आल्या, किती विक्री झाली, हे त्या सांगतील. आधी पैसे भरा, मग दर सांगू, अशी भाषा कानावर आली तर तिथून निघा.

परदेशी याद्या

अमेरिकेतल्या याद्यांचं आकर्षण साहजिक आहे. पण २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी थांबवली. त्यापाठोपाठ आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे बंद ठेवावी लागली. म्हणून परदेशी ग्राहकाला किंमत सांगण्याआधी त्या आठवड्यातला नियम आणि शुल्क टपाल कचेरीत विचारा. शुल्क कोण भरणार हेही लिहून कळवा. भेट म्हणून मागवलेल्या पार्सलावर घेणाऱ्याला दारात पैसे मोजावे लागले, तर तुमचं नाव तिथे कायमचं खराब होतं. दोन हंगाम इथे नीट काढल्यावरच तिकडे वळलेलं बरं.

नाव आलं, पुढे काय?

यादीत नाव छापून येणं म्हणजे विक्री नव्हे. ते वाचकांना दिलेलं वचन असतं, आणि ते संपादकांनी तुमच्या वतीने दिलेलं असतं. संच ३० नोव्हेंबरला पोहोचला, किंवा गुलाबीऐवजी चौथी जांभळी निघाली, तर वाचक पत्र तुम्हाला नव्हे, संपादकांना लिहितो. मग पुढच्या वर्षी तुमचं पत्र उघडलंच जात नाही. म्हणून साठ संच म्हटलं की साठच. एकसष्टावी मागणी आली तर 'यंदा संपले' असं त्याच दिवशी कळवा आणि पुढच्या वर्षासाठी नाव लिहून ठेवा. प्रत्येक मागणी एका वहीत उतरवा: तारीख, नाव, गाव, कुठे वाचलं, कधी पाठवलं, कधी पोहोचलं. 'कुठे वाचलं' हा रकाना सगळ्यांत मोलाचा. कोणती यादी उपयोगी पडली हे जानेवारीत त्यावरूनच समजतं.

हे सगळं वाचून काम मोठं वाटेल. पण सुरुवात अगदी लहान आहे. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात चर्च असेलच. एखाद्या रविवारी सकाळची मिस्सा आटोपल्यावर तिथल्या धर्मगुरूंना किंवा सिस्टरना भेटा. वस्तू दाखवा आणि विकायची घाई न करता दोनच प्रश्न विचारा. यात काही चुकीचं आहे का, आणि ही कोणत्या दिवशी लागते? मिळालेली उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. संपादकांना पत्र लिहायला बसाल तेव्हा अर्धं पत्र त्या पानावर तयार असेल.